एका पायावरचे अस्वल

उत्साही माणसाविषयी आपण म्हणतो, तो 'एका पायावर तयार' असतो. वाचकहो, दगडाचे अस्वलही असे एका पायावर उभे राहू शकते. कॅनडाच्या उत्तरेस, बाफिन बेटाच्या नैऋत्य टोकाजवळ किंगाइत (पूर्वीचे केप डॉर्सेट) ही वस्ती आहे. तेथील इन्युइट शिल्पकार पाउता साइला अशी अस्वले घडवीत. १९१६ साली जन्मलेले पाउता शिकारीवर जगणाऱ्या समाजात वाढले. ध्रुवीय अस्वलाची चाल त्यांच्या पुरती ओळखीची होती.

दूरचे पाहण्यासाठी वा वास घेण्यासाठी हे अस्वल मागच्या पायांवर उभे राहते. पाउतांनी त्याला नाचवले! हिरवट-काळ्या, जड दगडातले ते धूड एक पाय उचलून उभे असते, तरी कोसळत नाही. कारण टेकलेला पाय भक्कम राखलेला असतो आणि सारा भार नेमका त्यावर तोललेला असतो.

दवाखान्यात मला या अस्वलाची वारंवार आठवण होते. घरातील वडीलधारी व्यक्ती एकदा पडली की मुले काळजीने म्हणतात, "बाबा, आता तुम्ही बसूनच राहा." हेतू मायेचा, परिणाम उलटा. बसून राहिल्याने मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू क्षीण होतात, तोल आणखी ढळतो आणि पुढच्या पडण्यात खुब्याचे हाड मोडण्याची भीती असते.

आपला तोल डोळे, अंतर्कर्ण, तळपायांची संवेदना आणि स्नायू मिळून सांभाळतात. म्हणून चष्म्याचा नंबर वेळोवेळी तपासावा. मधुमेह असल्यास तळपाय बधिर झाले नाहीत ना, हे पाहून घ्यावे. उठताना भोवळ येत असेल तर रक्तदाबाच्या गोळ्यांविषयी डॉक्टरांशी बोलावे. त्या परस्पर बंद करू नयेत.

भोवळ येत नसेल आणि डॉक्टरांची संमती असेल, तर स्वयंपाकघरातील ओटा दोन्ही हातांनी धरून एक पाय किंचित उचलावा, दहापर्यंत अंक मोजावेत, मग दुसरा. जमीन कोरडी असावी व घरातील कोणीतरी शेजारी उभे असावे.

पाउता नव्वदी ओलांडून २००९ साली निवर्तले. त्यांची अस्वले आजही तोल सांभाळून उभी आहेत. घरातील वृद्धांना खुर्चीत जखडून ठेवू नका. ते उभे राहतील तेव्हा त्यांच्या शेजारी उभे राहा.