टिप ग्राहकाची, पगार मालकाचा

वेटरची जागा भरताना अजूनही सर्रास सांगितले जाते, ‘पगार एवढा, वर टिप मिळतेच.’ पगारातली तूट त्या टिपमधून भरून निघावी असा हिशेब त्यामागे असतो. आपल्या व्यवसायातली ही रीत बंद व्हायला हवी.

किमान वेतन द्यायचे ते मालकाने. ग्राहकाने खुशीने ठेवलेले पैसे त्यात धरता येत नाहीत, आणि याला आधार आहे तो हॉटेलवाल्यांनीच जिंकलेल्या खटल्याचा. कार्डावरून आलेली टिप कर्मचाऱ्यांना वाटताना तिच्यावर पगाराप्रमाणे कर कापा, असे प्राप्तिकर खात्याचे म्हणणे होते. आयटीसीसारखी हॉटेले सर्वोच्च न्यायालयात गेली. २०१६ मध्ये निकाल लागला: ही रक्कम पगार नव्हे, ती ग्राहकाकडून येते, मालक तिचा केवळ विश्वस्त असतो. कर कापायच्या वेळी जी टिप पगार नव्हती, ती पगार ठरवताना पगार कशी होते?

अमेरिकेत टिप पगारात धरायला कायद्यानेच मुभा दिली आहे. तिथे टिप घेणाऱ्यांना मालकाने द्यायचे केंद्रीय किमान रोख वेतन १९९१ पासून ताशी २ डॉलर १३ सेंटवरच अडकले आहे. टिप कमी पडली तर फरक मालकाने भरायचा, असा नियम आहे; पण नोकरी टिकवायची असलेला वेटर तो मागणार कसा? कॅलिफोर्नियासह सात राज्यांनी ही सवलत नाकारली. तिथेही रेस्टॉरंटे चालतात.

आपल्याकडे आता क्यूआर कोड आला. पूर्वी नोट वेटरच्या हातात पडायची. आज टिप बिलाबरोबर मालकाच्या खात्यात जमा होते आणि नोंद नसली तर गल्ल्यातच मुरते. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून टिपमधून काहीही कापून न घेता ती पुढच्या महिनाअखेरपर्यंत वाटणे मालकावर बंधनकारक आहे. आपण कायद्याची वाट कशाला पाहायची? रोजच्या टिपची वेगळी वही ठेवा, ती सगळ्यांना पाहू द्या. आचारी आणि मोरीवर भांडी घासणारे यांचा वाटा कर्मचाऱ्यांशी बोलून ठरवा. फुटलेल्या ग्लासाचे पैसे त्यातून वळते करू नका.

पगाराचा बोजा परवडत नाही, अशी तक्रार येईल. छोट्या हॉटेलांची ओढाताण आम्ही जाणतो. पण सक्तीचे सेवाशुल्क दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये बेकायदा ठरवल्यावर सरळ मार्ग एकच उरतो: वाढणाऱ्याची मजुरी पदार्थाच्या दरात धरा, आणि तो दर मेनूकार्डावर उघड छापा.