कॅमशाफ्ट, कर्नल आणि तारखेचा प्रश्न

१/ पुणे-सोलापूर महामार्गावरील चिंचोळी एमआयडीसीत मोटारींच्या इंजिनांसाठी कॅमशाफ्ट घडवले जातात. इंजिनाच्या झडपा केव्हा उघडाव्यात आणि केव्हा मिटाव्यात, हे हा दांडा ठरवतो. सिलिंडर पुरेसा भरला का, याची विचारपूस तो करत नाही. ठरल्या क्षणी झडप बंद. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या जगाला हे तत्त्व उमगायला बराच काळ जावा लागला.

२/ लिनक्स कर्नलची २.४ ही आवृत्ती जानेवारी २००१ मध्ये आली, पुढची २.६ थेट डिसेंबर २००३ मध्ये. ‘तयार होईल तेव्हा’ हे त्या काळाचे ब्रीद. ऐकायला उदात्त, पण परिणाम नेमका उलटा. ही गाडी चुकली तर पुढची कधी, हे कोणालाच ठाऊक नसल्याने अर्धेकच्चे कामही आत ढकलले जाई, आणि ते निस्तरण्यात प्रकाशन आणखी लांबे. ताटकळलेले वितरक विकासाधीन २.५ मालिकेतील सुविधा स्वतःच जुन्या कर्नलवर बसवू लागले. रेड हॅट लिनक्स ९ हे त्याचे ठळक उदाहरण.

३/ डेबियनचीही तीच गत : ‘वुडी’ जुलै २००२, ‘सार्ज’ जून २००५.

४/ ग्नोमने २००२ पासून सहा महिन्यांचे वेळापत्रक पाळायला घेतले. उबुंटूने तर ऑक्टोबर २००४ ही तारीख ४.१० या क्रमांकातच कोरली. कर्नलनेही २००५ मध्ये नवा शिरस्ता घातला : नव्या सुविधा स्वीकारण्यास दोन आठवडे, त्यानंतर केवळ दुरुस्त्या. आज साधारण नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते. हुकलेल्या सुविधेला शिक्षा अशी नाहीच. पुढची गाडी जवळच असते.

५/ तारखेपायी दर्जाचा बळी जातो, हा आक्षेप जुना आहे. तो अगदीच निराधार नाही. परंतु तारीख सुविधांची संख्या कापते, दर्जा नव्हे. अट एकच : न पिकलेली सुविधा वगळण्याचे धैर्य प्रकल्पाच्या धुरीणांत हवे. ते नसेल तर दोष दिनदर्शिकेचा कसा?

६/ या वादात एका घटकाचा उल्लेख क्वचितच होतो : अनुवादक. ग्नोमच्या वेळापत्रकात प्रकाशनापूर्वी काही आठवडे पडद्यावरील मजकूर गोठवला जातो, आणि किमान ८० टक्के मजकूर अनुवादित असेल तरच ती भाषा ‘समर्थित’ गणली जाते. मजकूर अखेरच्या दिवसापर्यंत बदलत राहिला, तर इंग्रजी वापरणाऱ्याचे काहीच बिघडत नाही. मराठीसाठी फावल्या वेळात राबणाऱ्या स्वयंसेवकाचे श्रम मात्र वाया जातात आणि वाचकापुढे अर्धी मराठी, अर्धी इंग्रजी यादी उभी राहते. ठरलेली तारीख सर्वाधिक उपयोगी पडते ती निर्णयाच्या बैठकीत नसलेल्या या माणसांना.

७/ अपवादही आहेत. एप्रिल २००६ मध्ये यावयाची उबुंटूची आवृत्ती सहा आठवडे पुढे ढकलण्यात आली. कारणांत चाचण्यांसोबत स्थानिकीकरणही होते. निर्णय मार्चमध्येच, सर्वांसमक्ष जाहीर झाला, आणि ६.०४ ऐवजी त्या आवृत्तीचा क्रमांक ६.०६ झाला.