बछेऱ्याची शिकवणी आणि महिन्याचा दर

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात बछेरा घेतला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: स्वारीला तयार करून द्यायचे महिन्याला किती? चाबुकस्वार आकडा सांगतो, मालक त्याला मनातल्या मनात दोनाने किंवा तिनाने गुणतो आणि घासाघीस सुरू होते. त्या एका आकड्यात दाणा-वैरण, जागा, मोतद्दाराची मजुरी, नालबंदी आणि प्रत्यक्ष शिकवणी असे सगळे एकत्र असते, म्हणूनच तो महाग वाटतो. साडेतीनशे किलोच्या जनावराला रोज सात-आठ किलो सुका चारा-दाणा लागतो. तो आपल्या तबेल्यातही लागलाच असता. हा खर्च वजा करून पाहावा, म्हणजे शिकवणाऱ्या हाताला खरोखर किती उरते ते कळेल. ठेवणावळ महिन्यावर आणि शिकवणी टप्प्यावर, असे दोन वेगळे हिशेब व्हावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

महिना हे माप धरले की घाई आलीच. 1980 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आठवड्यातून एकदाच धडा दिलेली तट्टे रोज धडा घेणाऱ्यांपेक्षा कमी सत्रांत शिकली. दिवस मात्र जास्त लागले. म्हणजे मधली विश्रांती हाही शिकवणीचाच भाग आहे. पण महिन्याच्या दरात ती मालकाला फुकट गेलेली वाटते आणि चाबुकस्वार ती देईनासा होतो. हाडांचेही तेच. पुढच्या पायाच्या गुडघ्यावरचे वाढीचे टोक अडीच वर्षांच्या सुमारास जुळते, मणक्यांची वाढ तर पाच वर्षांनंतरही सुरू असते. पूर्वापार दोन दातांवरच खोगीर चढवतात, त्यात काय बिघडले, असे कोणी विचारील. कोवळ्या वयातल्या बेताच्या व्यायामाने हाडे बळकट होतात, हे शर्यतीच्या घोड्यांवरच्या अभ्यासांत दिसले आहे आणि ते मान्यच केले पाहिजे. मात्र मोकळे पळणे किंवा दोरावरची थोडी दुडकी वेगळी आणि पाठीवर माणूस घेऊन तासभराची रपेट किंवा नाचकाम वेगळे. घाईत तयार केलेला घोडा लगामाला जुमानत नाही, खोगीर पाहून बिथरतो, मागच्या पायांवर उभा राहतो. मग दुसऱ्या चाबुकस्वाराला आधी ती भीती घालवावी लागते, आणि वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट पैसे तिथे जातात.

टप्प्यावर पैसे देण्यामागची कल्पना नवी नाही. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक सेनानी झेनोफनने घोडेस्वारीवरच्या आपल्या पुस्तकात सांगून ठेवले आहे, की बछेरा शिकवायला देताना तो परत येईल तेव्हा त्याला काय काय आले पाहिजे, हे आधी लिहून ठरवावे. आज त्यात इतके तरी असावे: चढताना स्थिर उभा राहणे, इशाऱ्यावर चालणे, थांबणे आणि वळणे, दोन्ही हातांवर दुडकी, रहदारीत न बुजणे. यावर चाबुकस्वारांचा आक्षेप रास्त आहे: जनावर आधीच बिघडलेले असेल तर जोखीम आम्ही एकट्यांनीच का घ्यावी? ती त्यांच्यावर टाकूच नये. पहिले दोन आठवडे निव्वळ पारखण्याचे धरावेत, त्यांचे पैसे वेगळे द्यावेत आणि टप्प्यांचे दर त्यानंतर ठरवावेत. झेनोफननेही बछेरा माणसाळलेला असण्याची जबाबदारी मालकावरच टाकली होती.

माथेरानच्या घोडेवाल्याला किंवा वरातीसाठी एकच घोडी पाळणाऱ्याला हा हिशेब परवडेल का? त्याच्यासाठी तर तो जास्त सोयीचा आहे. मोहरकी घालून चालवणे, चारही पाय उचलू देणे, खरारा, पाठीवर घोंगडी, बँडचा आवाज, मोटारींची वर्दळ ही सगळी सवय तो स्वतः घरी लावू शकतो. त्याला पैसे मोजायचे ते पाठीवर बसण्यापासून पुढच्या टप्प्यांचेच, आणि दोन टप्प्यांच्या मधल्या काळात बछेरा घरी आणला तर तेवढ्या दिवसांची ठेवणावळही वाचते.