आधी दारू सोडा, मग या!

मुख्याध्यापकाच्या टेबलावर वर्षभर जी परिपत्रके येऊन पडतात, त्यांपैकी दोन मला आता पाठ झाली आहेत. एक २६ जूनचे : अमली पदार्थविरोधी दिन पाळावा, शपथ द्यावी, फेरी काढावी, अहवाल छायाचित्रांसह पाठवावा. दुसरे १० ऑक्टोबरचे : मानसिक आरोग्य दिन पाळावा, व्याख्यान ठेवावे, अहवाल छायाचित्रांसह पाठवावा. पहिल्या दिवशी मुले बाटलीवर लाल फुली मारलेली चित्रे काढतात, दुसऱ्या दिवशी डोक्याला हात लावून बसलेल्या माणसाची. मी इतकी वर्षे दोन्ही चित्रांना बक्षिसे देत आलो. बाटली हातात घेतलेला आणि डोक्याला हात लावून बसलेला माणूस एकच आहे, असे चित्र मात्र एकाही मुलाने काढले नाही. काढले असते, तर ते कोणत्या दिवशी भिंतीवर लावायचे असा पेच मलाच पडला असता.

हा पेच माझ्या घरातच बसला होता, हे मला फार उशिरा कळले.

आमचे मूळ घर डिचोली तालुक्यात, नोकरी पेडण्यात. धाकटा भाऊ घरीच राहिला. त्याचे दोन टिपर खनिजाच्या वाहतुकीवर होते. २०१२ च्या सप्टेंबरात सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, आणि टिपर अंगणात उभे राहिले ते राहिलेच. बँकेचे हप्ते काही थांबले नाहीत. त्या दिवसांत शिरगाव, मये, पाळी या बाजूची घरे ज्यांनी पाहिली असतील, त्यांना अधिक सांगायला नको. भावाची झोप गेली ती तेव्हा. रात्री दोन-तीनला उठून तो टिपरांभोवती फिरायचा. जेवण तुटले, बोलणे तुटले. दारू आली ती त्यानंतर, आणि आली ती झोपेसाठी. हा क्रम मी मुद्दाम सांगतो आहे, कारण गावात तो नेहमी उलटा सांगितला जातो. (हे सारे छापण्याआधी मी त्याची परवानगी घेतली आहे. "नांव घालूं नाका" एवढेच तो म्हणाला.)

मी शिक्षक. मला वाटले, उपदेशाने भागेल. एका रविवारी त्याला समोर बसवून तासभर बोललो. मुलांना शपथ देताना जे बोलतो तेच, थोडे कठोर करून. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "दादा, सोडूंक जाता, पूण न्हीद खंयसून हाडूं?" सोडता येईल, पण झोप कुठून आणू? एम. ए. झालेल्या माणसाकडे याचे उत्तर नव्हते. उत्तर नव्हते म्हणून मी रागावलो.

दारू थोडा वेळ झोप आणते, यात खोटे काही नाही. ती मेंदूला शांत करते. पण रोज बाहेरून मिळणाऱ्या या शांतीला तोंड द्यायला मेंदू स्वतःची धग वाढवून ठेवतो. दारू उतरली की ती वाढवलेली धग तेवढी शिल्लक राहते. मग पहाटे दचकून जाग, छातीत धडधड, हाताला कंप, कारण नसताना भीती. ज्या भीतीसाठी घेतली, ती दुप्पट होऊन परत आली. मग पुन्हा घ्या. महिने लोटले की कोणता धागा मनाच्या आजाराचा आणि कोणता दारूचा, हे पिणाऱ्याला कळत नाही, बायकोला कळत नाही आणि पहिल्या भेटीत डॉक्टरलाही नेमके सांगता येत नाही. म्हणूनच दोन्ही धागे एका हातात हवेत.

आमच्याकडे काय झाले ते पाहा. २०१४ साली आम्ही त्याला एका व्यसनमुक्ती केंद्रात घातले. नाव सांगत नाही. नवव्या दिवशी फोन आला : हा रात्रभर रडतो, एकटाच बोलतो, जीव नको म्हणतो, ही मानसिक केस आहे, आमच्याकडे ठेवता येणार नाही. घरी आणला. मग एका मनोविकारतज्ज्ञांकडे नेला. तोपर्यंत त्याने पुन्हा सुरुवात केली होती आणि तोंडाला वास येत होता. पाच मिनिटांत निकाल लागला : "आधी दारू सोडा, मग या." एका दाराने मन आजारी म्हणून बाहेर काढले, दुसऱ्या दाराने दारूचा वास येतो म्हणून आत घेतले नाही. या दोन दारांमध्ये आमची सहा वर्षे गेली. वहिनीचे दागिने गेले. २०१५ मध्ये खाणी जेमतेम सुरू झाल्या, मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या, आणि टिपरही गेले. पुतण्या माझ्याच शाळेत दहावीला होता. त्याने शाळा सोडली, तेव्हा त्याच्या दाखल्यावर सही मी केली.

वाचकांपैकी एखाद्या घरात उद्या असे होऊ नये म्हणून आणखी एक प्रसंग सांगतो. "मग या"मधला "मग" गाठण्यासाठी आम्ही घरच्या घरी त्याची दारू तोडली. खोलीला बाहेरून कडी घातली. तिसऱ्या रात्री त्याला भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या, अंगणात नसलेल्या टिपरांचे हॉर्न ऐकू येऊ लागले, अंग तापले, घामाने अंथरूण भिजले. शेजारी म्हणाले, देवचार आहे, घाड्याला बोलवा. घाडी आलाही. घाड्याला मी दोष देत नाही. तो निदान रात्री अकरा वाजता आला आणि त्याने तोंडाचा वास घेऊन परत पाठवले नाही. पण तो देवचार नव्हता. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवले की दोन-चार दिवसांत हे होऊ शकते. डॉक्टर त्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार न मिळाल्यास त्यात माणूस दगावतो. आमच्या वाड्यावरच्या परिचारिकेने ओळखले म्हणून तो वाचला. "आधी सोडा, मग या" हे वाक्य उच्चारणाऱ्याला हे माहीत नसते काय? असते. म्हणूनच मला ते वाक्य नुसते कोरडे वाटत नाही, धोक्याचे वाटते.

डॉक्टरांची बाजूही मांडली पाहिजे. ते म्हणतात, पिणाऱ्या माणसाचे औदासीन्य पुष्कळदा दारूनेच आलेले असते, दारू थांबली की दोन-चार आठवड्यांत ते ओसरते. तोपर्यंत निदान कसे करावे, गोळ्या कशा द्याव्यात? दारूबरोबर झोपेच्या गोळ्या पोटात गेल्या तर जिवावर बेतते, हेही खरे. मान्य. पण यातून निष्कर्ष काय निघतो? ते चार आठवडे त्याला नजरेखाली ठेवा. थरथर सांभाळा, जीवनसत्त्वे द्या, झोपेची नोंद ठेवा, आणि औदासीन्य ओसरले नाही तर त्याच खाटेवर त्याचा उपचार सुरू करा. घरी पाठवा, हा निष्कर्ष यातून कुठल्या तर्कशास्त्राने निघतो ते मला दाखवावे.

पेडण्याच्या किनारपट्टीवर हीच गोष्ट दुसऱ्या वेषात दिसते. हरमल, मोरजी, मांद्रे इथले पालक माझ्याकडे येतात ते मुलाच्या गांजाविषयी. मुलगा कोंडून घेतो, लोक आपल्याविरुद्ध कट करतात म्हणतो. आई म्हणते गांजाने वेड लागले. बाप म्हणतो आधीच बिघडला होता म्हणून ओढू लागला. गांजाने असा विकार जडण्याचा धोका वाढतो, विशेषतः कोवळ्या वयात, एवढे शास्त्राने सांगितलेच आहे. पण आईबापांचा वाद मिटेपर्यंत मुलाचा उपचार थांबायचा काय?

हे काही परक्या मुलखातून आणायचे ज्ञान नाही. पुण्याचे 'मुक्तांगण' आपल्या बहुतेक घरांना ठाऊक आहे. १९८६ साली ते कुठे सुरू झाले? येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. ते उभे करणाऱ्या डॉ. अनिता अवचट त्याच रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. व्यसनमुक्ती आणि मनोविकार यांच्यामध्ये तेव्हा फार तर एक व्हरांडा होता. तो हमरस्ता आपण नंतर केला. केंद्राच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर मनोविकाराच्या व्याख्येतच दारू व अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्था घातल्या आहेत. म्हणजे कायद्याच्या लेखी माणूस एक. सरकारी खात्यांच्या लेखी मात्र दोन : मनोविकार आरोग्य मंत्रालयाकडे, व्यसनमुक्ती केंद्रांचे अनुदान सामाजिक न्याय मंत्रालयाकडे. मदतीचे दूरध्वनीही दोन. मनासाठी १४४१६, व्यसनासाठी १४४४६. एका आकड्याचा फरक! मध्यरात्री थरथरत्या बोटांनी कोणता फिरवायचा, हे त्या घरातल्या बाईने ठरवावे.

गोव्यात तर याची चाचणीही झालेली आहे. १९९६ साली इथेच स्थापन झालेल्या 'संगाथ' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या समुपदेशकांना शिकवून तयार केले. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. अतिरेकी पिणाऱ्या पुरुषांना जास्तीत जास्त चार बैठका दिल्या. तीन महिन्यांनी शंभरातील ३६ धोक्याच्या पिण्यातून बाहेर आले होते, नेहमीच्या उपचारात २६. तीव्र औदासीन्यात सहा ते आठ बैठका. तिथे ६४, नेहमीच्या उपचारात ३९. (माझ्या भावासारखे पूर्ण दारूच्या आहारी गेलेले यात नव्हते, त्यांना रुग्णालय लागतेच.) मला या कामाचा अभिमान आहे. तरी एक गोष्ट टोचते : इथेही पिणाऱ्यांची यादी वेगळी आणि उदासांची वेगळी. संशोधनाला तसे करावे लागत असेल, पण आरोग्य केंद्राच्या बाकावर दोन्ही याद्यांतला माणूस एकच असतो. मग तोच समुपदेशक दोन्ही प्रश्न का विचारू शकणार नाही?

"स्वतःच्या पैशाने पितो, त्याचे लाड कशाला?" असे म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांना मी एवढेच विचारतो : मधुमेही माणसाने लग्नात जिलबी खाल्ली म्हणून त्याला दवाखान्यातून हाकलून देता काय? आणि लाड म्हणालात तर दारूचेच आपण किती केले! सीमेपलीकडचे लोक स्वस्त म्हणून पत्रादेवीपर्यंत येऊन घेऊन जातात, आणि याच सीमेवर, बांदा-दोडामार्गापासून पेडण्यापर्यंत, मन आणि दारू यांचा उपचार एकत्र व्हावा तर रुग्णाला थेट बांबोळी गाठावी लागते. पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून पणजी, पणजीहून बांबोळी. हात थरथरणाऱ्या माणसाला घेऊन तीन बस बदलून पाहा.

माझी मागणी मोठ्या इमारतीची नाही. पेडणे आणि डिचोली, दोन्ही तालुक्यांच्या सरकारी दवाखान्यांत आठवड्यातून एक ठरलेला दिवस, एक खोली, एकच केसपेपर. त्यावर झोप, भीती, जीव नकोसा होणे आणि रोजची दारू हे चारही प्रश्न एकाखाली एक छापलेले असावेत. थरथर आवरण्यासाठी दोन-तीन खाटा. आणि सोबत आलेल्या बाईलाही तेच प्रश्न विचारावेत. माझ्या वहिनीला सहा वर्षांत कोणीही विचारले नाही की तू झोपतेस काय.

भावाचा उपचार शेवटी एकाच छताखाली झाला. औदासीन्याच्या गोळ्या आणि दारूचे समुपदेशन एकाच आठवड्यात सुरू झाले. त्यानंतर तो दोनदा घसरला. दोन्ही वेळा त्याला परत बोलावून घेतले, वास येत असतानाच. आता एका दुकानात हिशेब लिहितो. पुतण्या बाहेरून दहावी झाला.

यंदा दिवस पाळायचा तर खऱ्या माणसाने बोलावे, म्हणून मी त्याला शाळेत यायला सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "येतां, दादा. पूण खंयच्या दिसा येवं? सोऱ्याच्या दिसा, काय पिश्याच्या दिसा?"

मी त्याला अजून तारीख कळवलेली नाही.