पाण्याचा फेरफार आणि आपली हरकत

जमिनीच्या फेरफाराची नोंद तलाठ्याच्या वहीत पडली म्हणजे चावडीवर नोटीस लागते, हितसंबंधितांस लेखी कळविले जाते, आणि ज्यास हरकत घ्यावयाची असेल त्याने ती पंधरा दिवसांच्या आत घ्यावी असा नियम आहे. हा नियम आपल्या शेतकरी बंधूंच्या इतका अंगवळणी पडला आहे की, भाऊबंदांपैकी कोणी दोन गुंठे जमीन विकली तरी नोटीस वाचावयास घरातील एक माणूस चावडीपर्यंत जातोच. महसूल खात्यात कारकुनी करीत असता आम्ही हे नित्य पाहिले. परंतु जमिनीप्रमाणेच पाण्याचा व हवेचाही फेरफार होत असतो. ओढ्याच्या काठी कारखाना उभा राहिला, टेकडीस सुरुंग लागले, खडीचे यंत्र बसले, की आपल्या विहिरीच्या पाण्यावर व पिकावरच्या हवेवर दुसऱ्या कोणाचा तरी हक्क चढतो. त्याचीही नोटीस असते, मुदत असते, हरकतही घेता येते. मात्र ती नोटीस वाचावयास कोणी जात नाही. सातबाऱ्यावर पाण्याच्या चांगलेपणाचे नाव लागत नाही, म्हणून आपण निर्धास्त राहतो, हे आमच्या मते मोठे अज्ञान होय.

या कामासाठी सरकारने जे खाते नेमले आहे ते महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. त्याची स्थापना १९७० साली झाली. १९७४ चा जल प्रदूषणाचा कायदा, १९८१ चा हवेचा कायदा आणि १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा यांचा अंमल करण्याचे काम त्याच्याकडे आहे. कारखाना उभारण्यापूर्वी एक व तो चालविण्यापूर्वी दुसरी, अशा दोन संमती मंडळाकडून घ्याव्या लागतात. आणि सांडपाणी किती सोडावे, कसे शुद्ध करून सोडावे, धूळ कशी दाबावी, याच्या अटी त्या संमतिपत्रात लिहिलेल्या असतात. अटी मोडल्यास काम बंद करण्याचा, वीज व पाणी तोडविण्याचा अधिकार मंडळास आहे. अधिकार मोठा आहे खरा; परंतु आमच्या भागासाठी मंडळाचे प्रादेशिक कार्यालय अमरावतीस आहे, आणि अमरावतीच्या खुर्चीवरून बीबीचा ओढा दिसत नाही. तो दाखविण्याचे काम ज्याची विहीर त्या ओढ्याकाठी आहे त्याचेच होय.

लोणारचे उदाहरण आपल्या तालुक्याचेच आहे. उल्कापाताने काळ्या पाषाणात झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरातील ते सरोवर पाहावयास दूरदूरचे लोक येतात. १९७९ साली ते राष्ट्रीय भूवारसा ठरले, २००० साली तेथे अभयारण्य झाले आणि २०२० साली रामसर यादीत त्याचे नाव गेले. एवढी ख्याती असताही गावचे सांडपाणी त्यात उतरत असल्याची तक्रार नागरिकांस मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे न्यावी लागली. ज्या सरोवराचे नाव जगात झाले त्याची ही कथा. मग ज्या नाल्यास धड नावही नाही त्याची वास्तपुस्त आपोआप कोण घेणार? त्याच २०२० सालच्या जून महिन्यात सरोवराचे पाणी गुलाबी झाले. तेव्हा कोणी म्हणाले शेवाळ, कोणी म्हणाले विषारी पाणी, कोणी आणखी काही. न्यायालयाच्या सांगण्यावरून नमुने घेतले गेले आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत असे निघाले की, खारेपणा वाढला असता वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग होता. शंभर तोंडांचे शंभर तर्क एका बाटलीने मिटविले. यावरून बोध हा की, पाण्याविषयी बोलावयाचे तर नमुन्याच्या आधाराने बोलावे.

नमुना घेण्याची रीतही कायद्याने ठरविली आहे, आणि ती आपल्या पंचनाम्यासारखीच आहे. मंडळाच्या अधिकाऱ्याने कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना पुराव्यासाठी घ्यावयाचा तर तशी नोटीस द्यावी, मालक हजर असून त्याने मागणी केल्यास नमुन्याचे दोन भाग करावे, भांड्यांस मोहोर लावून सह्या घ्याव्या. तसे न केल्यास त्याचे पृथक्करण न्यायालयात ग्राह्य होत नाही. म्हणून आपण बाटलीत पाणी भरून आणून अधिकाऱ्याच्या मेजावर आदळले म्हणजे काम झाले असे समजू नये. त्या बाटलीचा उपयोग त्यांनी जागेवर यावे यासाठी करावा.

आता जनतेस यात कोठे बोलता येते ते सांगतो. केंद्र सरकारच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे मोठ्या खाणी, मोठे कारखाने, धरणे इत्यादी कामांस परवानगी देण्यापूर्वी जाहीर लोकसुनावणी घ्यावी लागते. ती मंडळ भरविते आणि जिल्हाधिकारी अथवा अपर जिल्हाधिकाऱ्याहून कमी नसलेला अधिकारी तिचे अध्यक्षस्थान घेतो. किमान तीस दिवस आधी एका मोठ्या राष्ट्रीय व एका प्रादेशिक भाषेच्या दैनिकात नोटीस येते. अहवाल जिल्हाधिकारी कचेरी, जिल्हा परिषद वगैरे ठिकाणी पाहावयास ठेवितात. सुनावणीचे चित्रण होते, आणि शेवटी कामकाजाचा सारांश स्थानिक भाषेत वाचून दाखविला पाहिजे असा नियम आहे. ज्यास येणे शक्य नाही त्याने लेखी म्हणणे धाडावे. उपस्थितीस गणसंख्येची अट नाही. म्हणजे पाच माणसे आली तरी सुनावणी झाली, आणि कोणीच हरकत घेतली नाही तर तसेच कागदावर जाते. फेरफारात गप्प राहिलेल्या वारसाची जी गत तीच येथे!

छोट्या कामांस मात्र सुनावणी नाही. खडीचे यंत्र, लहान कारखाने यांस केवळ मंडळाची संमती लागते. तेथे शेतकऱ्याच्या हाती दुसरे साधन आहे. दिलेल्या संमतींची नोंदवही मंडळाने ठेवावी, आणि ज्याच्या जमिनीस त्या सांडपाण्याची बाधा होते अशा माणसास ती पाहू द्यावी, असे जलकायद्याच्या २५ व्या कलमात स्पष्ट आहे. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्यानेही संमतिपत्राची नक्कल मागता येते. अट काय लिहिली आहे हे ज्यास ठाऊक नाही त्याने ती मोडली म्हणून ओरड करणे व्यर्थ होय.

आमच्या भागातील एका खडीच्या यंत्राची हकीकत सांगण्याजोगी आहे. त्याची धूळ ऐन फुलोऱ्यातील सोयाबीन व तुरीवर बसे. शेजारचे पाच खातेदार दोन हंगाम ज्याला त्याला सांगत फिरले. चहाच्या हॉटेलात सांगितले, पुढाऱ्यास सांगितले, यंत्राच्या मुनीमास सांगितले. लेखी एक ओळ नव्हती. तिसऱ्या हंगामात ते आमच्याकडे आले. आम्ही गट नंबर, क्षेत्र, पीक, कोणत्या तारखांस वारा कोणीकडून होता, हे सर्व लिहून छायाचित्रांसह अर्ज करविला, तहसील कचेरीस व ग्रामपंचायतीस नकला दिल्या, आणि पोच घेतली. पाहणी झाली, पाण्याचे फवारे व पत्र्याचा आडोसा संमतिपत्रात लिहिलेला असून जागेवर नव्हता असे निघाले, आणि मग तो आला. परंतु मागील दोन हंगामांच्या नुकसानीचा पंचनामाच नसल्याने त्याची भरपाई कशाच्या आधारे मागावी याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. धूळ थांबली, दोन वर्षांचे पीक मात्र तोंडी तक्रारीत गेले.

यावर आमचे काही मित्र म्हणतील, ‘हे सर्व नाटक आहे, ठरावयाचे ते वरती आधीच ठरलेले असते.’ हा आक्षेप अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणत नाही. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराची सुनावणी १९ जानेवारी २०२४ रोजी झाली, मच्छीमार बांधवांनी कडाडून विरोध केला, आणि पुढच्याच महिन्यात पर्यावरणाची परवानगी मिळाली. सुनावणी म्हणजे मतदान नव्हे, हे प्रत्येकाने मनात पक्के धरावे. पण दुसरी बाजूही पाहावी. गोव्यातील मोपा विमानतळाच्या सुनावणीतील आक्षेप कागदावर होते म्हणूनच सर्वोच्च न्यायालयास मार्च २०१९ मध्ये ते कागद तपासता आले. त्यांचा नीट विचार झाला नाही असे पाहून न्यायालयाने परवानगी स्थगित केली. आणि जानेवारी २०२० मध्ये ती पुन्हा सुरू झाली तेव्हा अधिक अटी घालूनच. विमानतळ थांबला नाही, परंतु अटी वाढल्या. आपणांस बहुधा एवढेच मिळावयाचे असते, आणि एका विहिरीच्या दृष्टीने ते थोडके नव्हे. पुण्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पीठ आहे. तेथे वादासाठी सहा महिन्यांची व भरपाईसाठी पाच वर्षांची मुदत आहे. तेथेही प्रथम विचारतील तो कागदच.

हे सांगताना आपले दोषही झाकता कामा नयेत. फवारणीचे पंप ओढ्यात धुणारे, औषधांचे रिकामे डबे बांधावरून पाण्यात लोटणारे, गावची गटारे नाल्यास जोडणारे आपणच आहोत. जलकायद्याचे २४ वे कलम ‘कोणीही’ असे म्हणते; त्यात शेतकरी वगळलेला नाही. ज्याचे हात घाण पाण्याने ओले आहेत त्याच्या अर्जास वजन कसे येईल?

सरकारकडे मागावयाच्या गोष्टी आमच्या मते पुढीलप्रमाणे आहेत. सुनावणीपूर्वी अहवालाचा सारांश तेवढा मराठीत मिळतो, मूळ अहवाल इंग्रजीत असतो. तो पूर्ण मराठीत मिळावा. २०२० साली नव्या अधिसूचनेचा मसुदा निघाला तेव्हा तो २२ भाषांत प्रसिद्ध करावा असे दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले होते. मसुद्यास जो न्याय तो अहवालास का नसावा? दुसरे, प्रत्येक संमतिपत्राची मराठी नक्कल ग्रामपंचायतीत लावावी व ग्रामसभेत वाचावी. तिसरे, पेरणीच्या व सोंगणीच्या दिवसांत सुनावणी ठेवू नये. चौथे, मंडळावर शेती, मासेमारी, उद्योग, व्यापार इत्यादींच्या वतीने तीनपर्यंत बिनसरकारी सभासद नेमण्याची तरतूद आहे. त्यांतील एक तरी स्वतः नांगर धरणारा असावा.

तोपर्यंत आपल्या मंडळींनी स्वस्थ बसू नये. प्रत्येक गावी दोन साक्षर तरुणांनी दैनिकातील जाहीर नोटिसा रोज पाहण्याचे काम पत्करावे. विहिरीच्या पाण्याची तपासणी ते चांगले असतानाच करवून कागद जपून ठेवावा. कारण बिघडल्यावर पूर्वी चांगले होते हे दाखविण्यास दुसरे साधन नसते. आणि अर्ज करणाऱ्याने पोच घेतल्यावाचून कचेरीची पायरी उतरू नये. तीस वर्षे दप्तर हाताळून आम्ही एवढेच शिकलो की, ज्याची हरकत वहीत नाही त्याची हरकत नव्हतीच असे पुढचा कारकून समजतो.