झाकण कुणासाठी?

लेथवर लाकडी डब्या करणाऱ्यांची एक हौस असते : झाकण काढताना 'फट्' असा आवाज यायला हवा. आईसाठी शिसवी करंडा मी तसाच केला. डबी-झाकण एकाच तुकड्यातलं, रेषाही जुळलेल्या... मी खूश!

पण पावसाळ्यात लाकूड फुगतं, तेही रेषांच्या आडवं जास्त. गोल डबी किंचित लंबगोल होते, झाकण जरा फिरलं की अडकतं. आईच्या आखडलेल्या बोटांना ते निघेना. बोलली काहीच नाही. कुंकू मुकाट्याने प्लॅस्टिकच्या डबीत गेलं.

माझ्या मते ही हौस आपण सोडावी. आता मी सागवान घेतो, जाडसर कोरून काही महिने वाळवतो, झाकण सैलसर ठेवतो. आवाज येत नाही, पण आईला एका हाताने उघडतं.