यंत्राचा दोष आणि गरिबाचे खेटे

रेशन दुकानातील ई-पॉस यंत्र अंगठा नाकारते, तेव्हा एकतर सर्व्हरशी संपर्क तुटलेला असतो, नाहीतर आयुष्यभराच्या मजुरीने बोटांचे ठसे झिजलेले असतात. यात शिधापत्रिकाधारकाचा अपराध कोणता? तरीही खेटे त्यानेच घालायचे! २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांना दरमहा माणशी ५ किलो धान्याचा हक्क दिला. अशा तांत्रिक कारणांवरून धान्य नाकारू नये, शिधापत्रिका पाहून ते द्यावे आणि त्याची वेगळ्या वहीत नोंद ठेवावी, असे केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१७ मध्येच राज्यांना बजावले. ती वही किती दुकानांत उघडली गेली? (विचारले की दुकानदार मोबाईलच्या मनोऱ्याकडे बोट दाखवतो.) कार्यकर्त्यांनी दुकानोदुकानी ती वही मागावी, न मिळाल्यास तहसीलदारांकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी.